रात्रीचा छायाचित्रकार आणि त्याची सोबत

रात्रीच्या छायाचित्रांविषयीं लिहावयास बसलें म्हणजे टीकाकारांची लेखणी बहुधा एकाच वळणानें जाते. नगर निद्रिस्त झालेलें असतें. रस्त्यावरचे दिवे धुक्यांत मिणमिणत असतात. आणि खांद्यावर ट्रायपॉड टाकून एक एकाकी पुरुष त्या निर्मनुष्य रस्त्यांतून चाललेला असतो. त्याला सोबत नको असते, भय कशाशीं खातात हें त्याला ठाऊक नसतें, आणि ह्या निर्भय एकांताच्या पोटींच त्याची कला जन्मास येते! प्रदर्शनांच्या पुस्तिका पाहा, संग्रहांच्या प्रस्तावना पाहा, किंवा वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या पाहा. तोच मनुष्य त्याच रस्त्यानें येतांना दिसतो. चकोर चांदणें पितो, चातक मेघाचेंच पाणी पितो, तसा हा आतां एक कविसंकेत होऊन बसला आहे. चकोराच्या संकेतानें कोणाचें नुकसान होत नाहीं. ह्या संकेतानें होतें, म्हणून त्याची थोडी झडती घेणें आम्हांस आवश्यक वाटतें.

नुकसान दुहेरी आहे. एक तर हा संकेत खोटा आहे. ज्या थोर छायाचित्रकारांच्या नांवावर तो खपविला जातो, त्यांच्यापैकीं बहुतेकांनीं रात्रीं काम करतांना आपल्या जिवाची कांहींना कांहीं व्यवस्था लाविलेली होती, आणि ती व्यवस्था कोणती होती हें कळल्यावांचून त्यांचीं चित्रें नीट वाचतांच येत नाहींत. दुसरें असें कीं, तरुण मंडळी हा संकेत खरा मानतात. आमच्या वर्गांतील एक हुशार विद्यार्थी कांहीं वर्षांपूर्वीं अपरात्रीं एका पुलाखालीं एकटाच चित्रें घेत असतां मार खाऊन आणि कॅमेरा गमावून परत आला. दोघां मित्रांनीं बरोबर येण्याची तयारी दाखविली असतां त्यानें ती नाकारिली होती. कारण विचारतां त्यानें आम्हांला पुस्तकांतलीं तीन-चार मोठीं नांवें सांगितलीं. तीं नांवें पुढें येणारच आहेत.

प्रथम ह्या कामाचें स्वरूप पाहिलें पाहिजे. कवीला रात्रीं हिंडावयाचें असलें तर त्याचे दोन्ही हात मोकळे असतात, कान उघडे असतात, आणि पाय केव्हांही उचलतां येतात. छायाचित्रकाराचें तसें नाहीं. उजेड थोडा, म्हणून शटर पुष्कळ वेळ, प्रसंगीं मिनिटेंच्या मिनिटें, उघडें ठेवावें लागतें. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर खिळवावा लागतो. आणि कॅमेरा खिळला कीं त्याचा धनीही खिळला. एक डोळा कॅमेऱ्याला लागलेला, दुसरा मिटलेला, दोन्ही हात गुंतलेले, पाठ उघडी, आणि समोर चोराला दुरूनही ओळखूं येईल अशी मोलाची वस्तु! हल्लींच्या कॅमेऱ्यांना इतका वेळ लागत नाहीं हें खरें. पण त्यांच्या पाठीवरचा प्रकाशित पडदा अंधाराला सरावलेली दृष्टि क्षणांत बिघडवितो, आणि धन्याचा चेहरा मात्र लांबवरच्या मनुष्यास उजळून दाखवितो. ज्याला स्वतःला कांहीं दिसत नाहीं आणि जो सर्वांना दिसतो, अशा मनुष्यास निशाचर म्हणणें ही निशाचरांची थट्टा आहे.

खरा निशाचर पाहावयाचा असेल तर मृच्छकटिकांतील शर्विलक पाहावा. देवलांच्या नाटकामुळें तो मराठी वाचकांच्या ओळखीचा आहे. पण त्याची कारागिरी शूद्रकाच्या तिसऱ्या अंकांतच पाहिली पाहिजे. पाण्यानें भिंत कोठें मऊ झाली आहे हें तो आधीं शोधतो. मापाचा दोरा विसरला म्हणून जानव्यानें माप घेतो. भोंकांतून स्वतः शिरण्यापूर्वीं एक बाहुला आंत घालून पाहतो. दाराची कुरकुर होऊं नये म्हणून त्यावर पाणी शिंपडतो. आणि निजलेलीं माणसें खरोखर निजलीं आहेत कीं सोंग करीत आहेत ह्याचीही परीक्षा घेतो. रात्रीं एकट्यानें काम करावयाचें म्हणजे काय हें त्याच्याइतकें कोणास कळलें आहे? चोराला जी अक्कल असते ती कलावंताला असूं नये, असें आमच्या टीकाकारांना कां वाटावें हें समजत नाहीं.

रात्र कोणाबरोबर पाहिली ह्यावर रात्रींत काय दिसलें हें अवलंबून असतें. कॅमेरा घेऊन रात्रीं हिंडणें शक्य होण्यापूर्वींच वाङ्मयांत ही गोष्ट दिसून आलेली आहे. डिकन्सचे रात्रीच्या लंडनवरचे दोन प्रसिद्ध निबंध आहेत. १८५१ सालच्या निबंधांत तो डिटेक्टिव्ह पोलिसांपैकीं इन्स्पेक्टर फील्ड ह्याच्या बरोबर सेंट जाइल्सच्या गलिच्छ वस्तींत फिरतो. १८६० सालच्या निबंधांत झोंप येत नाहीं म्हणून तो एकटाच रात्रभर रस्ते तुडवितो. पहिल्यांत पोलिसाच्या कंदिलाचा झोत पडेल तेवढेंच जग आहे. फील्डसाहेब येतांच तळघरांतलीं माणसें सावध होतात, आर्जवानें बोलतात, सांगतील तसें वागतात. दुसऱ्यांत डिकन्ससाठीं कोणीच सावध होत नाहीं. घर नसणें म्हणजे काय हें तो स्वतःच्या पायांनीं अनुभवितो. दोन्ही निबंध चांगले आहेत. पण पहिल्या निबंधांतील माणसें ज्या नजरेनें वर पाहतात ती नजर डिकन्ससाठीं नसून पोलिसासाठीं आहे, हें विसरून जो वाचील तो चुकीचें वाचील.

हाच न्याय न्यूयॉर्कच्या जेकब रीस ह्याला लागू आहे. १८७० सालीं डेन्मार्कमधून अमेरिकेंत आलेला हा मनुष्य पोलिसखात्याच्या बातम्या देणारा वार्ताहर होता. चाळींतील गरिबांचे हाल शब्दांनीं सांगून भागत नाहीं असें त्याला वाटे. पण त्या खोल्यांतून चित्र घेण्याजोगा उजेडच नव्हता. १८८७ सालीं जर्मनींत मॅग्नेशियमची भुकटी पेटवून क्षणभर लख्ख उजेड पाडण्याची युक्ति निघाल्याचें त्यानें वाचलें, आणि त्याचा मार्ग खुला झाला. हौशी छायाचित्रकार मित्र आणि प्रसंगीं एखादा पोलिस अशी टोळी घेऊन तो मध्यरात्रीं चाळींत शिरूं लागला. आरंभीं ती भुकटी पिस्तुलांतून उडवावी लागे. पांच-सहा अनोळखी पुरुष रात्रीं बारा वाजतां घरांत घुसून पिस्तुलें झाडूं लागल्यावर घरांतल्यांनीं काय करावें? तीं बिचारीं खिडक्यांतून पळ काढीत, असें रीसनेंच लिहून ठेविलें आहे. पुढें त्यानें पिस्तूल टाकून तळणीच्या तव्यावर भुकटी पेटविण्यास आरंभ केला. तें त्याला अधिक घरगुती वाटलें! ह्या खटाटोपांत त्याच्या हातून दोनदां घराला आग लागली आणि एकदां तो स्वतः पेटला.

१८९० सालीं निघालेल्या 'हाऊ द अदर हाफ लिव्ज' ह्या त्याच्या पुस्तकानें न्यूयॉर्कच्या गृहसुधारणेला मोठी चालना दिली, हें श्रेय कोणी नाकारणार नाहीं. पण बेयार्ड रस्त्यावरील एका खोलींत पांच-पांच सेंट देऊन दाटीवाटीनें निजलेल्या मजुरांचें त्याचें प्रसिद्ध चित्र पाहावें. झोंपेंतून एकाएकीं जागे केलेल्या माणसांचें भांबावलेपण त्यांत आहे. टीकाकार त्याला दारिद्र्याचें दैन्य म्हणतात. त्यांतील पुष्कळसा भाग दारिद्र्याचा असेलही; पण कांहीं भाग मध्यरात्रीं दार लोटून आलेल्या टोळीचा आहे, आणि तो वेगळा काढून दाखविणें हें टीकाकाराचें काम होतें. रीस सोबत घेऊन गेला म्हणून सुरक्षित राहिला. त्या सुरक्षिततेची किंमत निजलेल्या मनुष्यानें दिली.

रीसनंतर अर्ध्या शतकानें त्याच शहरांत वीजी ह्या टोपण नांवानें गाजलेला आर्थर फेलिग आला. आमच्या विद्यार्थ्यानें सांगितलेल्या नांवांत हें पहिलें होतें. वीजी मॅनहॅटनच्या पोलिस मुख्यालयाला लागूनच खोली घेऊन राहत असे. १९३८ सालीं त्याला स्वतःच्या मोटारींत पोलिसांचा रेडिओ ठेवण्याची परवानगी मिळाली. मोटारीच्या डिकींत टाइपरायटर, फ्लॅशचे दिवे, सिगार असा त्याचा सारा संसार असे. खून झाला, आग लागली, कीं पोलिसांच्या बरोबरीनें, कधीं त्यांच्या आधींही, तो हजर. अंतर दहा फुटांचें ठरलेलें, भिंगाचें माप ठरलेलें, फ्लॅश उडवावयाचा आणि निघावयाचें, क्षणाचें काम. १९४५ सालीं निघालेल्या 'नेकेड सिटी' ह्या त्याच्या पुस्तकाचीं पानें उलटतांना हा मनुष्य मृत्यूच्या दाढेंत उभा राहून चित्रें घेत आहे असा भास होतो.

बारकाईनें पाहिल्यास अगदीं उलट दिसतें. वीजी पोंचतो तेव्हां संकट बहुधा होऊन गेलेलें असतें. मारेकरी पळाला आहे, प्रेत पडलें आहे, शिपाई उभे आहेत, आणि शेजारीपाजारी जमले आहेत. त्या घटकेला न्यूयॉर्कमधला तोच रस्ता सर्वांत सुरक्षित झालेला असतो! म्हणूनच वीजीच्या प्रतिभेचा खरा विषय गुन्हा नसून गर्दी हा आहे. १९४१ सालच्या 'देअर फर्स्ट मर्डर' ह्या चित्रांत प्रेत दिसतच नाहीं. दिसतात तीं बघणारांचीं तोंडें. मधोमध एक बाई आकांत करीत आहे, आणि तिच्या भोंवतीं मुलें ढकलाढकल करीत आहेत, कोणी हसतेंही आहे. मनुष्यस्वभावाचें इतकें निर्दय आणि इतकें खरें दर्शन आम्हीं फार थोड्या चित्रांत पाहिलें आहे. परंतु प्रेताच्या बाजूला, पोलिसांच्या आडोशाला, निर्धास्तपणें उभें राहतां आल्यावांचून तें घेतां आलें नसतें. वीजीच्या शौर्याचे पोवाडे गाणारे त्याच्या चित्रांचा खरा गुण हरवून बसतात. आणि तो सदैव एकटाच असे हेंही खरें नव्हे. संगीतगृहाच्या दारांत रत्नजडित अशा दोन श्रीमंत बायकांकडे एक फाटकी बाई डोळे वटारून पाहत आहे, असें त्याचें १९४३ सालचें एक चित्र आहे. त्याचें नांव, गंमत अशी कीं, 'टीकाकार'! त्या फाटक्या बाईला एका गुत्त्यांतून दारू पाजून मुद्दाम तेथें आणून उभें केलें होतें, असें वीजीच्या मदतनिसानेंच पुढें सांगितलें.

ब्रासाईची गोष्ट निराळी आहे, आणि आमच्या मतें ह्या सर्वांत तोच श्रेष्ठ आहे. योगायोग असा कीं, वीजी आणि ब्रासाई दोघेही १८९९ सालचे, आणि दोघेही ऑस्ट्रिया-हंगेरीच्या त्या जुन्या साम्राज्यांत जन्मलेले. ब्रासाईचें मूळ नांव ज्युला हालास. ट्रान्सिल्वेनियांतील ब्राशो ह्या आपल्या गांवावरून त्यानें हें टोपण नांव घेतलें. तो १९२४ सालीं पॅरिसला आला, आणि हातांत कॅमेरा घेण्यापूर्वीं कांहीं वर्षें त्या शहराच्या रात्रींतून नुसता हिंडला. टीकाकार ह्या हिंडण्याला भटकंती म्हणून मोकळे होतात. आम्हांला ती शर्विलकाची भिंत-तपासणी वाटते. कोणता बोळ कोठें निघतो, कोणत्या पुलाखालीं कोण निजतें, कोणत्या गुत्त्याचा मालक ओळख देतो, हें ज्याला पायांनीं ठाऊक झालें आहे, त्यानें मग डोळे कॅमेऱ्यांत घातले तरी चालतें.

त्याचीं साधनें साधीं होतीं: कांचेच्या प्लेटींचा लहानसा कॅमेरा, ट्रायपॉड, आणि सिगारेटी. शटर किती वेळ उघडें ठेवावयाचें हें तो सिगारेटीवर मोजी. उजेड बरा असला तर गोल्वाझ, फार अंधुक असला तर जाड बोयार. ही आख्यायिका सर्वच जण कौतुकानें सांगतात. पण एक सबंध सिगारेट जळेपर्यंत रात्रीं दोन-तीन वाजतां कालव्याच्या कांठीं एकाच जागीं उभें राहणें म्हणजे काय, ह्याचा विचार सांगणारे करीत नाहींत. पॅरिसच्या पोलिसांनीं केला. त्यांनीं ब्रासाईला तीन वेळां चौकीवर नेलें; अशा वेळीं अशा जागीं मनुष्य चित्र घेण्यासाठीं उभा असेल हें त्यांना पटेना. छायाचित्रकाराला रात्रीं चोराचेंच भय असतें असें नाहीं, शिपायाचेंही असतें, आणि परक्या मुलखांतून आलेल्याला तर दुप्पट.

मग ब्रासाईनें सोबत कोणाची केली? पोलिसांची नव्हे. रस्त्यांतून हिंडतांना कधीं हेन्री मिलर, कधीं लेऑं-पोल फार्ग असे निद्राशत्रु साहित्यिक त्याच्या बरोबर असत. नाचघरांत आणि कॅफेंत चित्रें घ्यावयाचीं असलीं तर मॅग्नेशियमची भुकटी पेटविण्यास एक मदतनीस लागे. त्या स्फोटांवरून पिकासो त्याला थट्टेनें दहशतवादी म्हणे. पण ही झाली वरवरची सोबत. त्याची खरी सोबत ज्यांचें चित्र घ्यावयाचें त्यांचीच होती. गुत्त्यांतून रात्रीमागून रात्री तो नुसता बसे, त्यांच्या बरोबर पीत असे, ओळख वाढवी, आणि मग कॅमेरा काढी. प्लास दितालीच्या आसपास 'थोरला आल्बेर' म्हणून कोणी गुंड होता; त्याच्या टोळीचीं चित्रें घेण्यासाठीं ब्रासाईनें त्यांना पैसे मोजले. टोळीनें पैसे घेतले, चित्रें काढूं दिलीं, आणि शिवाय त्याचें पाकीटही लांबविलें! ब्रासाईनें फिर्याद केली नाहीं. त्यांनीं त्यांचा धंदा केला, आपण आपला केला, अशा अर्थाचें त्यानें पुढें लिहिलें आहे. त्या टोळींतील दोघे तरुण भिंतीच्या कडेशीं उभे आहेत असें त्याचें चित्र प्रसिद्ध आहे. त्यांच्या नजरेंत धमकी आहे, पण दचकणें नाहीं. हीं माणसें पकडलीं गेलेलीं नाहींत. तीं तेथें ठरवून उभीं आहेत.

कांहीं चोखंदळ टीकाकार येथें नाक मुरडतात. पैसे देऊन उभें केलेलें चित्र खरें कसें, असा त्यांचा प्रश्न आहे. आमचें उत्तर असें: इतका वेळ उघड्या राहणाऱ्या कॅमेऱ्यापुढें कोणाला बेसावध पकडतांच येत नाहीं. मनुष्य हलला कीं चित्र पुसट झालें. ज्या अर्थीं चेहरा रेखीव उमटला आहे त्या अर्थीं तो मनुष्य राजीखुशीनें स्तब्ध राहिला होता. रीसच्या चित्रांत दचकणें उमटलें, तशी ब्रासाईच्या चित्रांत संमति उमटली आहे. आणि हीच संमति रात्रीं त्याचें रक्षणही करीत होती. त्याची सुरक्षितता आणि त्याची कला हीं दोन निराळीं खातीं नव्हतींच. १९३२-३३ च्या हिवाळ्यांत निघालेलें त्याचें 'पारी द न्वी' हें पुस्तक बहुतांशीं रस्त्यांचें आणि दिव्यांचें आहे; गुत्ते, अफूचे अड्डे आणि कुंटणखाने ह्यांचीं पुष्कळशीं चित्रें १९७६ सालच्या पुस्तकांत प्रथम एकत्र आलीं. ह्या शेवटल्या चित्रांविषयीं मात्र आमच्या मनांत किंतु आहे. घराच्या मालकिणीची परवानगी म्हणजे घरांतल्या बाईची परवानगी नव्हे. तेथें चेहरे स्थिर आहेत, पण ते कोणाच्या हुकुमानें स्थिर आहेत हें चित्र सांगत नाहीं.

एकाकीपणाची दंतकथा ज्या चित्रानें सर्वांत अधिक पसरविली तेंही ब्रासाईचेंच आहे. अंगांत ओव्हरकोट, डोक्याला हॅट, तोंडांत सिगारेट, समोर ट्रायपॉड, आणि भोंवतीं रात्रीचा ओसाड रस्ता असें त्याचें स्वतःचें एक चित्र आहे. किती पुस्तिकांत तें छापलें गेलें असेल! परंतु त्याच्या कॅमेऱ्यासमोर एक दुसरा कॅमेरा उभा होता, नाहीं तर तें चित्र आपल्याला दिसलें कोठून?

ब्रासाईच्या पुस्तकावरून स्फूर्ति घेऊन बिल ब्रांट ह्यानें १९३८ सालीं 'ए नाइट इन लंडन' काढलें. त्यानें धोक्याचा प्रश्न सोडविला तो अगदीं घरच्या घरीं: स्वतःची बायको, भाऊ आणि स्नेही ह्यांनाच त्यानें वाटसरू, प्रेमिक इत्यादि वेषांत उभें केलें. चित्रें देखणीं आहेत, त्यांतील काळोख तर ब्रासाईपेक्षांही दाट आहे. पण तो नाटकगृहांतला काळोख आहे. त्यांतून कोणी अनोळखी येण्याची शक्यताच नाहीं, आणि पाहणाऱ्याला तें कोठें तरी जाणवत राहतें.

आमच्या ह्या विवेचनावर एक आक्षेप येईल, आणि तो क्षुद्र नाहीं. सोबत असली कीं बोलणें आलें, घाई आली, दुसऱ्याच्या झोंपेची काळजी आली. मग पाहण्याची समाधि लागावी कशी? हें आम्हांला मान्य आहे. वाईट सोबत्यासारखा कलेचा शत्रु नाहीं. परंतु येथें प्रश्न सोबत असावी कीं नसावी एवढाच नसून, ती कोणाची असावी हा आहे. टोकियोच्या बागांत १९७१ पासून कोहेइ योशियुकी ह्यानें रात्रीं चित्रें घेतलीं. अंधारांत प्रेम करणारीं जोडपीं, आणि झुडपांतून सरपटत येऊन त्यांना चोरून पाहणारे लोक, असा त्याचा विषय. फ्लॅश डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा. चित्रें घेण्यापूर्वीं सुमारें सहा महिने तो त्या बागांत जाऊन त्या चोरून पाहणारांशीं सलगी करीत होता, म्हणजे सोबत त्यानेंही जमविलीच. १९७९ सालच्या प्रदर्शनांत दालन काळोखें ठेवून प्रेक्षकांच्या हातीं विजेऱ्या दिल्या होत्या, आणि असें करून त्यानें प्रेक्षकालाही त्या टोळींत ओढलें. ही प्रामाणिक कबुली म्हणावी कीं निर्लज्जपणा, ह्यावर वाद होऊं शकेल. पण त्या काळोखांत छायाचित्रकार अगदीं निर्धास्त होता, आणि भय बाळगावयास हवें होतें तें जोडप्यांनीं, एवढें निश्चित. रात्रीच्या छायाचित्रकाराच्या सुरक्षिततेविषयीं बोलतांना त्याच्यापासून इतरांच्या सुरक्षिततेचें काय, हें विचारण्याची चाल आमच्या टीकेंत अजून पडलेली नाहीं.

आतां एका गोष्टीकडे वळणें प्राप्त आहे. त्या दंतकथेंतील एकाकी निशाचर नेहमीं पुरुषच कां असतो? बाईच्या नांवावर ही कथा कोणी रचीत नाहीं, कारण ती रचतांच तिचा खोटेपणा उघडा पडतो. २०१३ सालच्या २२ ऑगस्टची संध्याकाळ मुंबई विसरलेली नाहीं. महालक्ष्मीजवळील शक्ति मिलच्या ओसाड आवारांत एक तरुण वृत्तछायाचित्रकार आपल्या नेमून दिलेल्या कामासाठीं गेली होती. ती एकटी नव्हती; एक सहकारी बरोबर होता. रात्रही अजून पुरती झाली नव्हती. टोळक्यानें सहकाऱ्यास बांधून ठेवून तिच्यावर बलात्कार केला. लवकर जा, एकटी जाऊं नको, कामाशिवाय जाऊं नको, हे जे शहाणपणाचे तीन उपदेश आपण मुलींना करतों, ते तिन्ही तिनें पाळलेले होते. तरीही 'तेथें गेलीच कशाला' असें म्हणणारे निघालेच.

ह्या प्रश्नाचा समाचार त्या घटनेच्या दोन वर्षें आधींच, २०११ सालीं, शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे ह्या तिघींनीं 'व्हाय लॉयटर' ह्या इंग्रजी ग्रंथांत घेतलेला आहे. सुरक्षिततेच्या नांवाखालीं बाईला रस्त्यावर येण्याचें कारण सतत दाखवावें लागतें, पुरुषाला लागत नाहीं. आणि बाईला हवें आहे तें संरक्षण नसून, धोका पत्करण्याचा हक्क आणि त्याला आधार देणारे दिवे, शौचालयें, रात्रीचीं वाहनें हें आहे, असा त्यांचा मुद्दा आहे. ग्रंथ मुंबईच्या सर्वच बायकांविषयीं आहे. पण रात्रीच्या छायाचित्रकाराला तो जितका चपखल बसतो तितका क्वचितच दुसऱ्या कोणाला बसेल. कारण उगाच उभें राहणें हाच त्याचा धंदा आहे. आम्ही ह्या मुद्द्याशीं सहमत आहों. फक्त एक भेद आम्ही करूं. धोका पत्करण्याचा हक्क मागणें निराळें, आणि धोक्याला कलेचें उगमस्थान समजणें निराळें. पहिला हक्क बाईला मिळालाच पाहिजे. दुसरा भ्रम मात्र पुरुषाकडूनही काढून घेतला पाहिजे. शक्ति मिलच्या प्रकरणांतून एकट्यानें जाऊं नये एवढाच धडा काढणारांनीं हेंही ध्यानांत घ्यावें कीं, तेथें सोबत अपुरी पडली. ओसाड गिरणीची जबाबदारी ज्यांच्यावर होती ते कोठें होते हा प्रश्न शिल्लकच राहतो.

रात्रीच्या छायाचित्रणावर हल्लीं ज्या लहानसहान मार्गदर्शिका निघतात त्यांना साहित्यिक मंडळी हंसतात. दिवसा एकदां जाऊन जागा पाहून यावी. कोठें जातों आणि केव्हां परतणार हें कोणाला तरी सांगून जावें. सामान एका हातानें उचलून चालतां येईल इतकेंच न्यावें. पाठीशीं भिंत असूं द्यावी. आणि कोणी कॅमेरा मागितलाच तर मुकाट्यानें देऊन टाकावा, असें त्यांत लिहिलेलें असतें. ह्यांत रसिकांना चमकविण्यासारखें कांहीं नाहीं, आणि बाईला तेवढ्यानें पुरत नाहीं हें वर आलेंच आहे. तरीही आम्हांला ह्या मार्गदर्शिका पुष्कळशा प्रस्तावनांपेक्षां अधिक खऱ्या वाटतात; ब्रासाईला त्यांतील बहुतेक गोष्टी शिकवाव्या लागल्या नसत्या. उलट प्रदर्शनांतील चित्राखालच्या पट्टीवर साल असतें, रस्त्याचें नांव असतें, कागदाची जात असते. छायाचित्रकार त्या रात्रीं जिवंत परत आला तो कोणाच्या भरंवशावर, हें तेवढें नसतें. पुढच्या वेळीं रात्रीच्या चित्रांचें एखादें प्रदर्शन आमच्याकडे अभिप्रायासाठीं येईल, तेव्हां दार कोणीं उघडलें, दिवा कोणीं धरला आणि परत कोणाबरोबर आलांत, एवढें आम्ही छायाचित्रकाराला विचारणार आहों. भिंगाचें माप त्यानें सांगितलें नाहीं तरी चालेल.